औषधाची माहिती शोधायला शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) बातम्यांबरोबर प्रतिबंधक गोळ्या घेण्याचे आवाहनही आपल्या दैनिकात येते. त्या गोळ्या ज्या काउंटरवरून दिल्या जातात, त्यामागे उद्या उभ्या राहणाऱ्या मुलांच्या शिक्षणाविषयी हे पत्र आहे.

गुहागर तालुक्यात माझे औषधांचे दुकान असून डी.फार्म.चे (औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेचे) विद्यार्थी ५०० तासांच्या प्रात्यक्षिक प्रशिक्षणासाठी माझ्याकडे येतात. गेल्या जुलैत लावणी अर्धी सोडून आलेली एक तरुण बाई डॉक्सिसायक्लिनची, म्हणजे लेप्टोच्या त्याच प्रतिबंधक गोळीची, चिठ्ठी घेऊन उभी होती; पायांवरचा चिखलसुद्धा वाळला नव्हता. "रक्ताच्या गोळ्या चालू हायत, त्यांच्याबरोबरच ही घेतली तर चालंल ना?" असे तिने विचारले. विद्यार्थ्याने मोबाइलवर गोळीचे कंपनीने दिलेले नाव टाकले, सर्वांत वर आलेले ऑनलाइन विक्रीचे पान उघडले आणि त्यात लोहाचा (रक्ताच्या गोळ्या म्हणजे लोहाच्याच) उल्लेख नाही म्हणून "चालेल" असे सांगून टाकले.

तिथे मला मध्ये पडावे लागले. लोह, कॅल्शियम किंवा आम्लपित्तावरची काही औषधे सोबत घेतली तर डॉक्सिसायक्लिन नीट शोषले जात नाही, म्हणून दोहोंत काही तासांचे अंतर ठेवावे लागते. गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवे व्हायचे नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होऊ शकते. पण याच्याही आधी विचारायचा प्रश्न वेगळाच होता: या वयात लोहाच्या गोळ्या कशासाठी चालू आहेत? बाई गरोदर असती तर हे औषध देण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे भाग होते. सुदैवाने तसे नव्हते. यातले बहुतेक सारे खोक्यातल्या घडी घातलेल्या, मुंगीच्या अक्षरांच्या माहितीपत्रकात छापलेले असते. आम्ही दुकानदार ते खोक्यासकट टाकून देतो, हा भाग वेगळा.

फार्मसी कौन्सिलच्या २०२० च्या नियमांनुसार आलेल्या डी.फार्म.च्या अभ्यासक्रमात औषधमाहितीचे स्रोत आणि त्यांची पारख हा विषय आहे. प्रत्यक्षात मुले प्राथमिक (मूळ संशोधनलेख), द्वितीयक (त्यांच्या सूची व सारांश) आणि तृतीयक (पाठ्यपुस्तके, संदर्भग्रंथ) स्रोतांच्या व्याख्या पाठ करून येतात. नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया हा औषधांचा सरकारी संदर्भग्रंथ उघडून पाहिलेला विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे. शोधताना औषधाचे मूळ नाव टाकावे, पान कोणी व केव्हा लिहिले ते पाहावे, लिहिणाऱ्याला विक्रीतून काही मिळते का याचा विचार करावा आणि "उल्लेख नाही" व "धोका नाही" यांत फरक करावा, एवढे तरी हाताला वळण लागले पाहिजे.

पारख शिकवायला उदाहरण दूर शोधावे लागत नाही. पाठ्यपुस्तकात रक्तदाबाचे औषध म्हणून भेटणारे प्राझोसिन विंचूदंशावर उपयोगी पडते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. पुढे २०११ मध्ये 'बीएमजे' (ब्रिटिश मेडिकल जर्नल) या दुसऱ्या नियतकालिकात त्यांची ७० रुग्णांवरची चाचणी आली: प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, तर नुसते प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८. हा लेख वर्गात वाचून घ्यावा आणि मग विचारावे की रुग्ण किती होते, कोणाला काय दिले हे डॉक्टर व रुग्ण यांना ठाऊक होते का (होते), आणि त्यामुळे निष्कर्षाला किती वजन द्यायचे. आपल्याच मातीतला विंचू असल्यावर वर्ग पेंगणार नाही.

माझी सूचना एवढीच की प्रशिक्षणाच्या काळात प्रत्येक विद्यार्थ्याने काउंटरवर आलेल्या निदान वीस प्रश्नांची वही ठेवावी. विचारणाऱ्याचे वय, गरोदरपण, चालू असलेली औषधे, कुठे शोधले, त्या माहितीची तारीख कोणती, काय उत्तर दिले आणि त्याबद्दल किती खात्री होती, हे सारे त्यात यावे आणि तोंडी परीक्षा या वहीवरच घ्यावी. दुकानदारांनाही मग ती वाचावी लागेल. सध्या आम्ही, आणि त्यात मीही आलो, ५०० तास भरल्याच्या कागदावर गिऱ्हाइकाला सुटे पैसे देता देता सही करतो.

आपला,
एक फार्मासिस्ट, गुहागर (जि. रत्नागिरी)