मीनूस पत्र

चि. मीनू,
अनेक आशीर्वाद.

काल तू रागाने फोन ठेवलास, म्हणून उरलेलं लिहितोय. "ब्रेक नीट लागतायत बाबा, नुसता डॅशबोर्डवरचा ब्रेकचा दिवाच जातो-येतो," म्हणालीस. शनिवारी सामान भरून, पिल्लाला घेऊन तू त्याच व्हॅनने निघणार. आईला यातलं काही बोललेलो नाही.

ब्रेक लागतायत म्हणून ते ठीक आहेत, असं होत नाही गं. त्यात दोन सर्किट असतात, म्हणजे ऑइलच्या दोन वेगळ्या वाटा. एक गेलं तरी दुसरं गाडी थांबवतं, फक्त अंतर जास्त घेतं. रिकाम्या गाडीला, सपाट रस्त्यावर ते जाणवेलच असं नाही. भरलेल्या गाडीला उतारावर जाणवतं.

आधी सोपं बघ. हँडब्रेक पूर्ण खाली कर आणि दांडा हाताने अजून थोडा दाब. दिवा विझला तर बुडाशी असलेला स्विच अडकतोय, तेवढंच. नाही विझला तर गाडी सपाट जागी लावून ब्रेक ऑइलच्या टाकीवरच्या खुणा बघ. कमी असेल तर लगेच वरून ओतू नकोस. हे ऑइल वापराने संपत नाही. एक तर पॅड झिजलेत, नाही तर कुठेतरी गळतंय. ओतलंस की दिवा विझेल आणि दुखणं तसंच राहील. चाकांच्या आतल्या बाजूने बोट फिरव, ओलं लागलं तर गाडी हलवायची नाही. इंजिन चालू ठेवून पेडल एकसारखं दाबून धर. हळूहळू खाली बसत गेलं तर मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारा भाग, आतून गळतोय, तरीही हलवायची नाही.

पातळी बरोबर असेल तर टाकीला लावलेल्या वायरचा कनेक्टर काढून बघ. दिवा विझला तर पातळी कळवणारा आतला तरंगता फ्लोट बुडालाय. तसं निघालं तर मी निर्धास्त.

ऑइल मात्र बदलूनच घे. दोन वर्षं कधीच उलटून गेली. ते हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट 4 प्रतीचं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की ती हद्द 155 वर येते. लांब उतारावर ब्रेक तापले की आत वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. पुन्हा उतारावरच आलो बघ. शिकवत बसलो, राग मानू नकोस. तुला हे येतं, मला माहीत आहे.

ब्रेकमधली हवा काढताना पेडलवर तूच असायचीस. पाय पुरत नव्हता, सीटच्या कडेला घसरून बसायचीस. मी गाडीखालून "दाब, धर" म्हणायचो, पारदर्शक नळीतून बुडबुडे बाटलीत यायचे, आणि वरून तुझा आवाज, "धरलंय बाबा!" निपल, म्हणजे चाकाजवळचा हवा सोडायचा स्क्रू, आवळण्याआधी पेडल सुटलं की हवा परत आत जाते. तू मी सांगेपर्यंत कधी सोडलं नाहीस. दादाला दोन मिनिटं बसवत नसे. गाडीखाली मळलेल्या हातांनी पडून असायचो आणि फार बरं वाटायचं.

दिव्यावर चिकटपट्टी लावू नकोस. गमतीत म्हणालीस, तरी लिहून ठेवतो. आणि सोबत एबीएसचा, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवाही लागला तर स्वतः उघडत बसू नकोस, मशीन लावून बघणाऱ्याकडे ने.

रविवारी निघालीस तर नाही का चालणार? ताईशी मी बोलतो, ती काही म्हणणार नाही. टाकीचा फोटो पाठव, दोन्ही खुणा दिसतील असा.

तुझा,
बाबा