थांबू दिलं म्हणून थांबले

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या प्रशिक्षकांवर आलेला लेख नागपूरच्या एका मित्राने फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मी सध्या मुलीकडे नॉर्थ कॅरोलिनात केरी गावी मुक्कामाला आहे, म्हणजे लेखात ज्यांची आरती ओवाळली आहे त्यांच्या अगदी अंगणात. आधी नावाचं सांगतो. लेखात 'क्रिझेवस्की' छापलंय, इथे 'शशेफ्स्की' म्हणतात आणि तेही जिभेला जड म्हणून सगळे 'कोच के'वर भागवतात. ते किरकोळ. माझं भांडण दुसरं आहे.

लेखाचा सूर असा की माइक शशेफ्स्की ड्यूक विद्यापीठात 42 वर्षं राहिले, 2004 मध्ये एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या लेकर्स संघाने पाच वर्षांचे चार कोटी डॉलर पुढे केले तरी हलले नाहीत, म्हणून ते त्यागी. आणि रिक पिटिनो, जॉन कॅलिपारी हे कॉलेजचे प्रशिक्षक एनबीएत गेले नि तोंडावर आपटले, ते लोभाचं फळ. कीर्तनात सांगायला बरं आहे हे. पण ड्यूकमध्येही शशेफ्स्कींना वर्षाला कित्येक दशलक्ष डॉलर मिळत होते. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर गव्हर्नर नसतो, तो सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल नाहीतर बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. त्याग म्हणायचाच तर तो लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या जॉन वूडन यांचा म्हणा. बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवूनही त्यांचा वर्षाचा पगार 35 हजार डॉलरच्या वर गेला नाही, असं सांगतात.

लेखात जे अजिबात आलं नाही ते सांगण्यासाठी हे पत्र. शशेफ्स्की 1980 मध्ये ड्यूकला आले. पहिल्या वर्षी 17 सामने जिंकले, 13 हरले. दुसऱ्या वर्षी 10 जिंकले, 17 हरले. तिसऱ्या वर्षी 11 नि 17. त्या तिसऱ्या वर्षाचा शेवट व्हर्जिनिया विद्यापीठाकडून 109-66 असा मार खाऊन झाला. देणगीदार चिडले होते, याला काढा म्हणत होते. क्रीडा संचालक टॉम बटर्स यांनी काढलं तर नाहीच, उलट पुढच्या मोसमात, 1984 च्या सुरुवातीला, करार वाढवून दिला. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं 1991 मध्ये. अकरा वर्षं, संपादक महाराज!

ड्यूकपासून दहा मैलांवर दुसरं उदाहरण. चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात डीन स्मिथ 1961 मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले, पहिल्या मोसमात आठ जिंकून नऊ हरले. 1965 च्या जानेवारीत संघाची बस सामना हरून परतली तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांचा पुतळा फासावर लटकवून ठेवला होता. बिली कनिंगहॅम या खेळाडूने बसमधून उतरून तो ओढून काढला. तेच स्मिथ 1997 पर्यंत राहिले, 879 सामने जिंकले, आणि आज तिथल्या एकवीस हजार खुर्च्यांच्या स्टेडियमला त्यांचं नाव आहे. 2015 मध्ये ते वारले. मृत्युपत्रात त्यांनी आपल्या हाताखालून गेलेल्या सुमारे 180 खेळाडूंना प्रत्येकी 200 डॉलर ठेवले होते, माझ्यातर्फे बाहेर छान जेवा म्हणून. हा प्रसंग मी जावयाकडून ऐकला आणि उगाच चष्मा पुसत बसलो.

आता माझा याच्याशी काय संबंध, तर मी सोडून गेलेल्यांपैकी आहे.

नागपुरात एका कॉलेजच्या संघाला मी नऊ वर्षं मानधनावर शिकवलं. मैदान मुरुमाचं. सकाळी साडेपाचला मीच पाणी मारायचो, मीच फक्कीने रेषा आखायचो. चेंडू सात, त्यातले तीन हवा धरत नसत. पंपाच्या सुया काडेपेटीत घालून ती काडेपेटी मी खोलीच्या दाराच्या चौकटीवर ठेवत असे, कारण टेबलावर ठेवली की शिपाई बिडी पेटवायला घेऊन जाई. मला कायम करा म्हणून दर जूनमध्ये अर्ज द्यायचो आणि प्राचार्य म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू." एकदा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलो, तर संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याने चेंडूंच्या बिलावर बोट ठेवून विचारलं, "हे कशासाठी?"

1989 मध्ये मुंबईच्या एका कंपनीने आपल्या संघासाठी बोलावलं. कायम नोकरी, क्वार्टर, प्रॉव्हिडंट फंड. घरात दोन लहान मुलं. गेलो. स्टेशनवर सोडायला संघातली चारच पोरं आली. बाकीच्यांचं म्हणणं कर्णधाराने खाली बघत सांगितलं, "सर, पोरं म्हणतात सर पैशाला भुलले." गाडी सुटली तेव्हा तो खिडकीबरोबर पळत ओरडत होता. मला वाटलं, काही निरोप असेल. तो विचारत होता, "सर, सुया कुठे ठेवता?"

कंपनीचा संघ चार वर्षांत बंद झाला. साहेब बदलले, नव्या साहेबांना क्रिकेट आवडायचं. निवृत्तीपर्यंत मी स्टोअर्समध्ये नटबोल्ट मोजले.

म्हणून पिटिनोंच्या आपटण्यावर आपल्या लेखकाने टाळी वाजवली ती मला झोंबली. पिटिनो 1997 मध्ये केंटकी सोडून बोस्टन सेल्टिक्सला गेले आणि 102 जिंकून 146 हरल्यावर 2001 च्या जानेवारीत राजीनामा देऊन बाहेर पडले. कॅलिपारी न्यू जर्सी नेट्सला गेले, तिसऱ्या मोसमात तीन जिंकून सतरा हरले आणि नारळ मिळाला. मिशिगन विद्यापीठाचे जॉन बाइलाइन साठी उलटल्यावर 2019 मध्ये क्लीव्हलंडच्या एनबीए संघाकडे गेले, ते 54 सामनेच टिकले. त्यांना खेळ कळत नव्हता? ज्याने कधी संघ हाताळला आहे त्याला याचं कारण चटकन कळेल. कॉलेजचा प्रशिक्षक पोरगं निवडायला त्याच्या घरी जातो, आईच्या हातचं खातो, आणि मग ते पोरगं त्याच्या शब्दाबाहेर नसतं. मोसमात सामने तीस-पस्तीस, मधल्या दिवसांत सराव. एनबीएत 82 सामने, सरावाला उसंत नाही, संघ निवडणारा बहुतेकदा दुसराच कोणी, आणि समोरच्या खेळाडूचा पगार प्रशिक्षकाच्या कितीतरी पट. हरायला लागलं की पंधरा जणांना काढण्यापेक्षा एकाला काढणं स्वस्त. नाव एकच असलं तरी या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत.

जाऊन निभावणारेही आहेतच. बटलर या लहानशा विद्यापीठाला 2010 आणि 2011 अशी लागोपाठ दोन वर्षं अंतिम सामन्यात नेणारे ब्रॅड स्टीव्हन्स वयाच्या 36 व्या वर्षी बोस्टनला गेले. पण ते सेल्टिक्सने संघ नव्याने बांधायला घेतला तेव्हा गेले, आणि मालकांनी पहिल्या वर्षाच्या पराभवांवर आरडाओरड केली नाही. पुढे 2021 मध्ये ते तिथेच वरच्या खुर्चीत बसले आणि 2024 ला सेल्टिक्स विजेते झाले. म्हणजे इथेही कोणीतरी थांबू दिलं.

गेल्या जानेवारीत नातवाबरोबर ड्यूकच्या आवारात गेलो होतो. चॅपल हिलविरुद्धच्या सामन्याला आत जागा मिळावी म्हणून विद्यार्थी स्टेडियमबाहेर तंबू ठोकून कित्येक आठवडे राहतात. त्या वस्तीचं नाव शशेफ्स्कीव्हिल. माझे तर कानटोपीतही कान दुखत होते. एक मुलगा तंबूच्या तोंडाशी हातमोजे घालून गणितं सोडवत होता, पान उलटायला दरवेळी एक मोजा दातांनी काढायचा. शशेफ्स्की 2022 मध्येच निवृत्त झालेत. तंबू आहेत तिथेच आहेत.

मात्र हे किती दिवस चालेल, शंका आहे. 2021 पासून कॉलेजचे खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेऊ शकतात आणि एक वर्ष बाहेर न बसता दुसऱ्या विद्यापीठात जाऊ शकतात. आता दर उन्हाळ्यात अर्धा संघ नवा. व्हर्जिनियाला 2019 चं विजेतेपद मिळवून देणारे टोनी बेनेट 2024 मध्ये मोसम तीन आठवड्यांवर असताना, वयाच्या 55 व्या वर्षी, या नव्या व्यवहाराला मी योग्य माणूस नाही म्हणत बाजूला झाले. कुठल्या एनबीए संघाचं प्रशिक्षकपद घ्यायला गेले नाहीत, सरळ घरी गेले. आपल्या लेखकाच्या हिशेबात ते निष्ठावंतांत बसतात की पळपुट्यांत?

आपल्याकडच्या महाविद्यालयांत आजही कितीतरी जण तासिका तत्त्वावर शिकवतात आणि जूनमध्ये अर्ज देतात. त्यांच्यातला एखादा अकादमीत किंवा खासगी शाळेत गेला की निष्ठेच्या गोष्टी निघतात. माझी एक साधी विनंती आहे. पुढच्या वेळी शशेफ्स्कींचा फोटो छापाल तेव्हा शेजारी टॉम बटर्स यांचाही छापा.

आपला,
एक निवृत्त बास्केटबॉल प्रशिक्षक, नागपूर
(सध्या मुक्काम केरी, नॉर्थ कॅरोलिना)