नाताळच्या पाककृती नोव्हेंबरातच छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबरची वीस तारीख उलटली की पुरवण्यांमधून प्लम केकची पाककृती येते आणि तिची पहिलीच सूचना असते, 'सुकामेवा महिनाभर आधी भिजत घाला.' नाताळ चार दिवसांवर आलेला असताना हे वाचून कुणी काय करायचे? म्हणून हे पत्र नोव्हेंबरातच पाठवत आहोत. छापायचे असेल तर आत्ताच छापावे, ही विनंती.

नाताळात घरची माणसे दमतात ती कामे फार असतात म्हणून नव्हे, तर सगळी कामे २३ आणि २४ तारखेत कोंबली जातात म्हणून. खरे तर चर्चच्या पंचांगानेच सोय करून ठेवली आहे. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या आधीच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. तिथून नाताळपर्यंत चार रविवार हाताशी असतात. सण झाल्यावर पुन्हा ६ जानेवारीपर्यंत, म्हणजे मागी लोकांच्या (बाळ येशूला भेटायला आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांच्या) दर्शनाच्या सणापर्यंत, बारा दिवस मिळतात. आधीचे चार आठवडे तयारीला आणि नंतरचे बारा दिवस येण्याजाण्याला दिले, तर २४ ची संध्याकाळ मोकळी राहते.

कोल्हापूरकरांना यात एक जादा अडचण आहे. नाताळच्या सुटीत अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावच्या गाड्यांची रीघ लागते आणि महाद्वार रोड, भाऊसिंगजी रोड, बिंदू चौक या भागात दुचाकी लावायलाही जागा उरत नाही. त्यामुळे लक्ष्मीपुरीतला किराणा आणि महाद्वार रोडवरचे कपडे १५ डिसेंबरच्या आत उरकावेत. शिंप्याचे तर आणखी आधी बघायला हवे. तुळशीचे लग्न झाले की त्याच्याकडे लग्नसराईचे ब्लाउज येऊन पडतात. कापड नोव्हेंबर संपायच्या आत द्यावे आणि 'पंधरा तारखेला हवे' असे सांगावे. त्याने आठवडाभर लांबवले तरी बावीसला हातात येते. गॅसचे जादा सिलिंडर १० तारखेपर्यंत भरून घ्यावे. तळणीच्या आठवड्यात गॅस नेमका चकलीच्या दुसऱ्या घाण्याला संपतो.

आता फराळ. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, पण इथल्या नाताळाच्या ताटात अमेरिका शिरली नाही. करंजी, चकली, शंकरपाळे आणि सोबत केकचा तुकडा, हेच आपले ताट. आधी यादी करावी: दिवाळीला कुणाकडून फराळ आला, ईदला कुणाकडून शीरखुर्मा आला, चर्चच्या मंडळीतली कोणती घरे, कामावरचे कोण. समजा वीस घरे झाली. एका ताटात चार करंज्या, तीन चकल्या, मूठभर म्हणजे पन्नास ग्रॅम शंकरपाळे आणि पन्नास ग्रॅम केक धरला, तर ८० करंज्या, ६० चकल्या, एक किलो शंकरपाळे आणि एक किलो केक लागतो. अर्धा किलो रवा-मैद्याच्या साधारण चाळीस-पंचेचाळीस करंज्या होतात आणि किलोभर भाजणीच्या साठेक चकल्या. घरच्यांसाठी निम्मे जादा धरावे आणि तिथेच थांबावे. अंदाजपंचे केलेला फराळ एकतर २४ ला कमी पडतो नाहीतर संक्रांतीपर्यंत डब्यात मऊ होत बसतो.

तळणीचा क्रम ठरवून ठेवावा. एकाच तेलात आधी शंकरपाळे, मग करंज्या, शेवटी चकल्या. चकलीचे तीळ आणि तिखट तेलात उतरून जळतात. त्यानंतर त्याच तेलात करंजी सोडली तर ती डागाळते आणि तिला तिखटाचा वास लागतो. शंकरपाळ्यांचे प्रमाण सोपे आहे: एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप आणि त्यात मावेल तेवढा मैदा, म्हणजे साधारण साडेचार ते पाच वाट्या. सगळे लाटण्याआधी एकच शंकरपाळे तळून बघावे. तेलात विरघळायला लागले तर तूप जास्त झाले आहे, मूठभर मैदा मळून घालावा. चकली तळताना छान कुरकुरीत आणि दुसऱ्या दिवशी मऊ, ही तक्रार बहुतेक वेळा फार तापलेल्या तेलामुळे येते. वरून रंग लवकर चढतो, आतला ओलावा तसाच राहतो आणि डब्यात बाहेर येतो. मध्यम आचेवर, बुडबुडे बसेपर्यंत तळावी. करंजीचे सारण सुक्या खोबऱ्याचे असेल तर करंज्या १३-१४ तारखेला करून ठेवता येतात. ओल्या नारळाच्या करंज्या चवीला सरस खऱ्या, पण त्या दोन दिवसांच्या. त्या वाटायच्या ताटात नकोत.

केकवर थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त नासधूस तिथे होते. महिनाभर मेवा भिजवायची रीत रम किंवा ब्रँडीची आहे. दारू मेवा टिकवते. आपल्याकडे पुष्कळ घरांत ती चालत नाही, म्हणून संत्र्याचा रस घेतला जातो, पण महिनाभराचे कलम तसेच राहते. रसातला मेवा बाहेर चार दिवसही नीट राहत नाही. आंबतो, वर बुरशी धरतो. रस वापरायचा तर अर्धा किलो मेवा दीडशे ते दोनशे मिलिलिटर रसात मंद आचेवर पाच मिनिटे उकळावा, गार करावा आणि एक रात्र फ्रिजमध्ये ठेवावा. मेवा रस पिऊन फुगतो, काम झाले. बेदाणे तासगावचे घ्यावेत, ते आपल्या शेजारचेच. बाकी काळ्या मनुका, खजूर, चेरी, थोडी टुटीफ्रुटी.

या अर्ध्या किलो मेव्याला मैदा, लोणी आणि साखर प्रत्येकी अडीचशे ग्रॅम, अंडी पाच, बेकिंग पावडर एक सपाट चमचा. दीड किलोच्या आसपास केक होतो, म्हणजे वरची वीस ताटे भागून घरालाही उरतो. मेवा निथळून दोन चमचे मैद्यात घोळवूनच मिश्रणात घालावा, नाहीतर सगळा तळाशी जाऊन बसतो. घरच्या ओव्हनला १५० ते १६० अंशांवर दीड ते दोन तास लागतात. वरचा भाग फुटून डोंगर झाला तर आच जास्त होती. मध्ये खड्डा पडला तर झाकण लवकर उघडले किंवा आत कच्चा राहिला.

ओव्हन नसेल तर बेकरीची भट्टी आहेच. नानकटाई भाजून आणायची सवय आपल्याला आहे, तसाच केक. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. भट्टीवाल्याला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच वार आणि वेळ विचारून ठेवावी, शेवटच्या आठवड्यात त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. दुसरे म्हणजे, बेकिंग पावडर घातलेले मिश्रण ताटकळत ठेवता येत नाही. ओली झाली की तिचा वायू सुटायला लागतो. घरी कालवून, डबा मांडीवर घेऊन, रिक्षा शोधून, बेकरीत तासभर नंबर लावून केलेला केक विटेसारखा बसतो आणि दोष बिचाऱ्या भट्टीला लागतो. कोरडे वेगळे, ओले वेगळे न्यावे आणि नंबर आला की तिथेच कालवावे. पावाचा घाणा नुकताच निघालेला असेल तर भट्टी फार तापलेली असते, थोडी उतरू द्यावी आणि डब्यावर जाड कागद झाकावा. रसाचा केक २० तारखेला भाजावा. पूर्ण गार झाल्यावरच बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवावा. कोमट असताना झाकला तर वाफेचे पाणी सुटून वरचा पापुद्रा चिकट होतो. आपल्या थंडीत तो पाच दिवस बाहेर राहतो, पुढे फ्रिज.

रोषणाईला नवे काही आणायची गरज नाही. दिवाळीच्या माळा माळ्यावर टाकूच नयेत. १ डिसेंबरला सगळ्या एकदा लावून बघाव्यात. अर्धीच माळ पेटत असेल तर बंद पडलेल्या अर्ध्या भागातलाच एखादा दिवा गेलेला किंवा तिथली तार तुटलेली असते. कागदी चांदणीत जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब लावू नये, त्याच्या उष्णतेने कागद करपतो; तीन ते पाच वॅटचा एलईडी पुरतो.

येशूजन्माच्या देखाव्यातल्या गव्हाणीसाठी ऊसतोडीच्या या दिवसांत पाचट फुकट मिळते आणि दिसतेही झकास, पण ते एका ठिणगीत पेटते. पाचटाच्या गव्हाणीत मेणबत्ती अजिबात नको. हिरवळ हवी असेल तर घटस्थापनेला करतात तसे गहू पेरावेत, फक्त थंडीमुळे नऊ दिवस पुरत नाहीत. ११ ला रात्री भिजवून १२ ला ताटात पेरले की २४ पर्यंत बोटभर उंच होतात. पाणी शिंपडावे, ओतू नये. साचले की मुळांना बुरशी येते. हे काम मुलांना द्यावे. चांदणी टांगणे, गॅस, शिंपी आणि मटण ही कामे घरातल्या पुरुषांनी घ्यावीत. त्यांनी फक्त चांदणी टांगून मोकळे व्हावे असे कुठल्याही शास्त्रात लिहिलेले नाही.

मटणाचे म्हणाल तर २५ ला सकाळी उपासना आणि त्याच वेळी दुकानापुढे रांग, हा तिढा दरवर्षी पडतो. बारा माणसांना अडीच किलो धरून मटण २४ ला सकाळीच आणावे आणि संध्याकाळपर्यंत आळणी शिजवून ठेवावे. मात्र मोठे पातेले झाकून ओट्यावर ठेवू नये. त्याचे पोट रात्रभर कोमट राहते आणि सकाळी वास येतो. दोन-तीन पसरट भांड्यांत काढून, गार करून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये सारावे. तांबड्या रश्श्याचे वाटण २३ लाच भाजून वाटून ठेवता येते. पांढऱ्या रश्श्याला दोन नारळांचे दूध आणि काजू, मगज बी, खसखस, पांढरे तीळ मिळून दीडशे ग्रॅमचे वाटण पुरते. पांढरा फाटतो तो नारळाचे दूध घातल्यावर खळखळून उकळल्याने. मंद आचेवर सतत ढवळत एक वाफ आली की उतरवावा, मीठ शेवटी. एवढी तयारी असली की चर्चमधून साडेअकराला परतून दीडला ताटे मांडता येतात.

कॅरल फेरीबद्दल, म्हणजे नाताळची गाणी गात घरोघर जाण्याबद्दल, मंडळीतल्या तरुणांना एक विनंती. गल्लीवार वेळा ठरवून रविवारच्या उपासनेतच जाहीर कराव्यात. 'रात्री येऊ' एवढ्यावर म्हातारी माणसे बारापर्यंत कपडे न बदलता बसून राहतात. लाउडस्पीकरला आणि वाद्यांना उघड्यावर नियमानुसार रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे; दहानंतर नुसत्या गळ्यावरही फेरी छान होते. पंचवीस जणांना अडीच लिटर चहा लागतो, तो थर्मासमध्ये आधीच भरून ठेवावा.

पाहुण्यांना २५ लाच बोलवायचा अट्टहास नको. २६ पासून वर्षअखेरच्या उपासनेपर्यंत आणि पुढे ६ जानेवारीपर्यंत दिवस वाटून द्यावेत, त्यांनाही तेच सोयीचे असते. सहाला चांदणी उतरवताना एक चिठ्ठी लिहून फराळाच्या डब्यात टाकावी: किती करंज्या केल्या, किती उरल्या, कोणती माळ बंद पडली, शिंप्याने कपडे कोणत्या तारखेला दिले.

आपले,
काही वाचक, न्यू शाहूपुरी, कोल्हापूर