फलाटावरच्या त्या ताईंना

ताई,

त्या दिवशी फलाटावर बाबांचं हृदय थांबलं आणि तुम्ही धावून आलात, पण तुमचं नाव आम्हाला ठाऊक नाही. ॲम्ब्युलन्सची माणसं बाबांना स्ट्रेचरवर घेत होती त्या गडबडीत तुम्ही पर्स उचलून निघूनही गेलात. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. कुणाच्या तरी फोनवरून फिरत फिरत ते तुमच्यापर्यंत पोचावं एवढीच इच्छा.

सगळ्यात आधी तुम्हाला जे कळायला हवं ते सांगते. बाबा चांगले आहेत. हॉस्पिटलमधून घरी आले, हृदयाच्या बंद झालेल्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी, बसवली आहे, आणि ते आता स्वतः जिने चढून येतात. आम्हा सगळ्यांना नावानं हाका मारतात. शब्दकोडं सोडवताना आईशी हुज्जत घालतात. हे मुद्दाम लिहिते, कारण हृदय थांबल्यावर मेंदूला रक्त मिळालं नाही तर चार-पाच मिनिटांतच त्याला इजा व्हायला लागते, आणि ती भरून येत नाही. डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं की अशा वेळी कुणीच काही केलं नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. ॲम्ब्युलन्स यायच्या आधीची ती सगळी मिनिटं तुम्ही एकहाती सांभाळलीत असं मी लिहिणार होते. पण ते खरं नाही, आणि तुम्हालाही ते आवडणार नाही. तुम्ही ती आम्हा सगळ्यांकडून सांभाळून घेतलीत. मला आभार मानायचे आहेत ते खास करून याचे.

बाबा बाकावरून घसरले तेव्हा आमच्याभोवती बघता बघता कडं झालं. बाबांच्या घशातून घरघर येत होती, मध्येच तोंड उघडून एखादा मोठा आचका यायचा. 'श्वास चालू आहे, पाणी द्या त्यांना,' कुणीतरी म्हणालं. तुम्ही वाट काढत आलात, गुडघे टेकून बसलात, बाबांचे खांदे हलवून मोठ्यानं हाक मारलीत. मग काही क्षण फक्त त्यांच्या छातीकडे पाहिलंत आणि म्हणालात, 'हा श्वास नाही. पाणी अजिबात नको.' हृदय थांबल्यावर पहिली काही मिनिटं असे आचके येऊ शकतात आणि बघणाऱ्याला वाटतं की माणूस घोरतोय, म्हणजे जिवंत आहे. या एका गैरसमजापायी किती जणांची मदत उशिरा सुरू होत असेल! हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येकानं बाकी सगळं विसरलं तरी एवढं लक्षात ठेवावं: माणूस हाकेला ओ देत नाही आणि त्याचा श्वास नेहमीसारखा नाही, की छाती दाबायला सुरुवात करायची.

आणि मग तुम्ही मान वर केलीत. 'कुणीतरी फोन करा' असं तुम्ही म्हणाला नाहीत. बोट दाखवून म्हणालात, 'निळा शर्ट, तुम्ही. ॲम्ब्युलन्सला फोन लावा, स्पीकरवर टाका, माझ्याजवळच उभे राहा.' पाठीला सॅक लावलेल्या मुलाला म्हणालात, 'तू पळ. स्टेशन मास्तरांच्या ऑफिसात शॉक द्यायचं मशीन असेल. एईडी म्हण, त्यांना कळेल.' आणि मला, 'तुम्ही मुलगी ना? इकडे या. शर्टाची बटणं काढा, निघत नसतील तर तोडा.' हे सगळं बोलताना तुमचे दोन्ही हात बाबांच्या छातीच्या मधोमध होते, कोपर ताठ, आणि तोंडानं आकडे मोजणं चालूच होतं.

त्या गर्दीबद्दल थोडं बोलायलाच हवं. ही हकिकत ऐकणारे बहुतेक जण आधी गर्दीलाच नावं ठेवतात. 'लोक नुसते बघत उभे होते ना?' मला ते ऐकवत नाही. जॉन डार्ली आणि बिब लताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात इंटरकॉमवर पलीकडच्या माणसाला फिट आल्यासारखा आवाज ऐकवला जायचा. आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटलं त्यांच्यातले ८५ टक्के मदत मागायला उठले. आणखी चौघेही ऐकताहेत असं ज्यांना वाटलं त्यांच्यातले मात्र ३१ टक्केच. जे बसून राहिले तेही आतून अस्वस्थ होते, त्यांचे हात थरथरत होते. फलाटावरचे चेहरे मला तसेच आठवतात. निळ्या शर्टातल्या त्या गृहस्थांचा फोन आधीपासून हातातच होता. त्यांना कुणीतरी 'तुम्ही' म्हणायची गरज होती. तुम्ही बोट दाखवलंत आणि त्यांचं काम त्यांना मिळालं.

नंतर इंग्लंड, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिका इथल्या तीन शहरांत रस्त्यावरच्या भांडणांची सीसीटीव्ही चित्रणं तपासली गेली, २१९ प्रसंगांची. दहापैकी नऊ वेळा बघ्यांपैकी किमान एक जण तरी मध्ये पडला होता. आमच्या फलाटावर त्या दिवशी जे घडलं त्यानंतर या आकड्याचं मला नवल वाटत नाही.

'अहो, बरगड्या मोडतील त्यांच्या,' एक आजोबा कळवळून म्हणाले. तुम्ही मोजता मोजताच म्हणालात, 'मोडू दे. जुळतात.' खरंच दोन मोडल्या होत्या, आणि खरंच जुळल्या. मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर दाबावी लागते, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, आणि दर वेळी ती पूर्ण वर येऊ द्यावी लागते. एवढं करूनही नेहमीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश इतकंच रक्त पुढे जातं. हात थांबला की रक्ताचा दाब लगेच पडतो आणि तो परत चढायला छाती बऱ्याच वेळा दाबावी लागते. म्हणून तुम्ही आजोबांशी बोलतानासुद्धा थांबला नाहीत. आता कळतंय.

तुम्ही दमलात तेव्हा शेजारच्या तरुणीला म्हणालात, 'माझे हात बघ. याच जागी. मी तीन म्हटलं की तू.' तिनं आयुष्यात असं काही केलेलं नसावं. पहिले दोन-तीन दाब घाबरत घाबरत दिले. 'जोरात, अजून जोरात, छान,' तुम्ही म्हणत राहिलात आणि ती सावरली. दोन मिनिटांनी दमलेल्या हाताचा दाब उथळ होतो, हे तुम्हाला माहीत होतं. तिचे आभारही मी याच पत्रातून मानते. आणि धापा टाकत मशीन घेऊन आलेल्या त्या मुलाचेही. बाबांच्या घामेजल्या छातीवर पॅड चिकटेनात तेव्हा तुम्ही रुमालानं ती खसाखसा पुसलीत. मशीननं हृदयाची लय तपासली, सगळ्यांना दूर व्हायला सांगितलं, शॉक दिला, आणि तुम्ही लगेच परत छाती दाबायला लागलात. थोड्या वेळानं बाबांनी हात उचलून तुमचं मनगट ढकललं. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा हसलात.

मी आणि माझा भाऊ आता हे शिकून आलो आहोत. १९६० साली कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघा संशोधकांनी छाती बाहेरून दाबायची ही पद्धत जगासमोर ठेवली तेव्हाच त्यांनी लिहिलं होतं की हे कुणालाही, कुठेही सुरू करता येईल, फक्त दोन हात हवेत. वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी सरावाच्या पुतळ्यासमोर बसून आमच्यातल्या एकेकाकडे बोट दाखवायला लावलं, 'तुम्ही, फोन करा' असं मोठ्यानं म्हणवून घेतलं. माझा आवाज भरून आला. त्यांना कारण सांगितलं तर त्या म्हणाल्या, तुमच्या त्या ताई पक्क्या शिकलेल्या होत्या.

पत्र लिहायला उशीर झाला आहे. इतक्या उशिरा आभार मानले तर समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, असं घरात कुणीतरी म्हणालंही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. आभाराची पत्रं लिहिणाऱ्यांना वाटतं त्यापेक्षा ती मिळणाऱ्यांना जास्त आनंद होतो, आणि अवघडलेपण वाटतं त्यापेक्षा कमी असतं. तुमच्या बाबतीतही तसंच व्हावं.

बाबांना त्या दिवसाचं काही आठवत नाही. मी सांगितलेलंच त्यांच्याजवळ आहे, आणि ते मला पुन्हा पुन्हा विचारतात, 'त्या कशा दिसत होत्या? वय काय असेल? नोकरीवर निघाल्या होत्या का?' मला नीट सांगता येत नाही; मी तुमच्या हातांकडेच बघत होते. त्यांना तुमच्याशी एकदा बोलायचं आहे. हे वाचलंत आणि तुम्हाला वाटलं तर कळवा, तुम्ही म्हणाल तिथे आम्ही येऊ. नको वाटलं तर तसंही चालेल, तुमच्यावर कसलंच ओझं नाही.

तुमची ऋणी,
बाबांची मुलगी