तक्रार: ‘विंडोज ११ साठी तयार’ म्हणून विकलेले तीन जुने गेम चालत नाहीत

दिनांक: १४ जुलै २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: सदोष पॅकेज दुरुस्त करून मिळावे, अन्यथा पूर्ण रक्कम परत मिळावी.
संदर्भ: २१ जून २०२५ ची ऑर्डर, आपली २३ जून, २७ जून आणि ४ जुलैची ईमेल उत्तरे.

महोदय / महोदया,

आपल्या ऑनलाइन दुकानातून ₹७९९ भरून मी तीन जुन्या गेमचा संच घेतला. त्यात १९९७ चा स्ट्रॅटेजी गेम, १९९८ चा कार रेसिंगचा आणि २००० चा शूटर आहे. विक्रीच्या पानावर ‘विंडोज १० आणि ११ साठी तयार’ असे ठळक अक्षरांत लिहिले आहे. प्रत्यक्षात डाउनलोड करून आहे तसा एकही गेम नीट चालत नाही. आपल्या तिन्ही उत्तरांत दोष माझ्या संगणकाला दिला आहे. दोष पॅकेजमध्ये आहे. तो नेमका कुठे आहे ते खाली तपशिलाने लिहितो, म्हणजे हे पत्र थेट तांत्रिक विभागाकडे देता येईल.

संगणकाचा तपशील: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, जीफोर्स आरटीएक्स ३०६० कार्ड १२ जीबीचे, १४४ हर्ट्झचा १९२० × १०८० मॉनिटर, ६४-बिट विंडोज ११, ग्राफिक्स ड्रायव्हर जून महिन्यातला.

आधी रेसिंगचा गेम, कारण सर्वांत जास्त गोंधळ त्यात आहे. सुरू करताच ‘किमान ४ एमबी व्हिडिओ मेमरी हवी’ असा संदेश येतो आणि गेम बंद पडतो. यावर आपले २३ जूनचे उत्तर होते: ‘जास्त मेमरीचे ग्राफिक्स कार्ड वापरून पाहा.’ कार्डावर १२ जीबी आहे. अडचण मेमरी कमी असण्याची नाही, जास्त असण्याची आहे. गेम डायरेक्टड्रॉला (विंडोजमधल्या चित्रे दाखवणाऱ्या जुन्या भागाला) विचारतो की व्हिडिओ मेमरी किती बाइट मोकळी आहे, आणि आलेले उत्तर ३२-बिटच्या अशा संख्येत ठेवतो जिला उणे चिन्हही असू शकते. अशा संख्येत जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावते. उत्तर त्याहून मोठे आले की तेच बिट उणे म्हणून वाचले जातात. समजा ३,००,००,००,००० बाइट मोकळे आहेत. गेम ते उणे १,२९,४९,६७,२९६ असे वाचतो. उणे आकडा ४ एमबीपेक्षा कमीच, म्हणून संदेश येतो. १९९८ मध्ये ८ किंवा १६ एमबीचे कार्ड म्हणजे चैन होती, त्यामुळे तेव्हाच्या प्रोग्रामरला याची चिंता नव्हती. आज पैसे घेऊन तोच गेम विकणाऱ्याला ती असायला हवी.

पडताळणी करणे सोपे आहे. जुन्या गेमचे ग्राफिक्सचे हुकूम आजच्या कार्डाला समजतील असे बदलणारे डीजीवूडू २ हे मोफत साधन घ्या. त्यातल्या एमएस फोल्डरमधील एक्स८६ (३२-बिट) विभागातून डीड्रॉ.डीएलएल आणि डी३डीइम.डीएलएल या दोन फाइली गेमच्या ईएक्सईशेजारी (गेम सुरू करणाऱ्या फाइलीशेजारी) ठेवा. ६४-बिट विभागातल्या फाइली घेऊ नका. गेम ३२-बिट असल्याने तो त्या उचलणारच नाही. मग डीजीवूडूच्या कंट्रोल पॅनेलमध्ये डायरेक्टएक्सच्या टॅबवर व्हिडिओ मेमरी ६४ एमबी करा. संदेश जातो आणि गेम उघडतो. कार्ड तेच, ड्रायव्हर तोच. त्याच पॅनेलमध्ये स्केलिंगसाठी प्रमाण राखून ताणण्याचा पर्याय निवडला की ६४० × ४८० चे चित्र रुंद पडद्यावर चपटे न होता दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडून येते. शिवाय जुन्या डायरेक्ट३डीची टेबल-फॉग नावाची धुक्याची पद्धत आजची कार्डे थेट देत नाहीत, तीही परत मिळते. डोंगरातल्या ट्रॅकवर धुके नसले की दूरचे डोंगर तुकड्यातुकड्यांनी एकदम उगवताना दिसतात, तो प्रकार थांबतो.

यानंतर वेगाचा प्रश्न येतो. या गेममध्ये गाडी पुढे सरकण्याचे गणित प्रत्येक फ्रेमला (पडद्यावरच्या एका चित्राला) एकदा होते आणि फ्रेम पडद्याच्या रिफ्रेशशी, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्याच्याशी, बांधलेली आहे. ६० हर्ट्झवर सगळे बरोबर चालते, १४४ हर्ट्झवर सगळे २.४ पट पळते. पहिल्या ट्रॅकवर गेमचे घड्याळ दीड मिनिटाची लॅप दाखवते तेव्हा हातातल्या स्टॉपवॉचवर साडेसदतीस सेकंद झालेले असतात, कारण गेमचे घड्याळही फ्रेमच मोजते. वळण दिसेपर्यंत गाडी कठड्यावर आदळलेली असते. आपण २७ जूनला सुचवलेला उपाय, टास्क मॅनेजरमधून गेम एकाच कोअरवर बांधणे, इथे लागू नाही. तो उपाय प्रोसेसरचा टाइमस्टॅम्प काउंटर (त्याची टिकटिक मोजणारा आकडा) थेट वाचून वेळ मोजणाऱ्या आणि अनेक कोअरवर गोंधळणाऱ्या गेमांसाठी आहे. इथे उपाय दोनच: विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटर ६० हर्ट्झवर आणणे, किंवा ड्रायव्हरमध्ये फक्त या ईएक्सईसाठी कमाल फ्रेम-रेट ६० लावणे. डीजीवूडूच्या कॉन्फिग फाइलीतही फ्रेम मर्यादेची ओळ असते. तिथे ६० लिहून ती फाइल आपण पॅकेजमध्येच घातली असती तर ग्राहकाला काहीही करावे लागले नसते.

संगीताची तक्रार वेगळी आणि जास्त गंभीर आहे, कारण ती ग्राहकाला दुरुस्त करताच येत नाही. इंजिनाचा, टायरचा, टकरीचा आवाज येतो. संगीत कुठेच नाही, मेनूतही नाही. आपण साउंड ड्रायव्हर अपडेट करायला सांगितले. ड्रायव्हरचा दोष असता तर इंजिनाचाही आवाज आला नसता. मूळ सीडीवर पहिला ट्रॅक डेटाचा आणि पुढचे ट्रॅक साध्या ऑडिओ सीडीसारखे होते. गेम शर्यत सुरू झाली की सीडी ड्राइव्हला ‘अमुक ट्रॅक वाजव’ एवढाच हुकूम देतो. आपल्या पॅकेजमध्ये डिस्कची आयएसओ फाइल (डिस्कची एकाच फाइलीतली प्रत) आहे. आयएसओत फक्त डेटा ट्रॅक बसतो, ऑडिओ ट्रॅक त्यात येतच नाहीत. त्यासाठी डिस्कची प्रत बिन आणि क्यू या जोडीच्या रूपात घ्यावी लागते. म्हणजे विकण्यासाठी प्रत काढतानाच संगीत गळाले आणि कुणी कान देऊन तपासले नाही.

मूळ डिस्क किंवा तिची पूर्ण प्रत आपल्याकडे किंवा प्रकाशकाकडे असणार. ऑडिओ सीडीचे एक मिनिट सुमारे १० एमबी होते. ३५ मिनिटांचे संगीत ऑग या आवाज आकसून ठेवणाऱ्या फाइल प्रकारात १६० केबीपीएसने बसवले तर जेमतेम ४२ एमबी. ते संगीत फोल्डरमध्ये ठेवून सीडीचे हुकूम या फाइलींकडे वळवणारी विनएमएम.डीएलएल गेमशेजारी ठेवली की काम झाले. एक काळजी घ्या: फाइलींचे क्रमांक ०२ पासून सुरू व्हायला हवेत, कारण ०१ हा डेटा ट्रॅक आहे. क्रमांक एकाने चुकला तर प्रत्येक ट्रॅकवर भलतेच गाणे लागते. त्या काळच्या रेसिंग गेमचे संगीत ही अर्धी मजा आहे. ते वगळून पूर्ण किंमत घेणे मला मान्य नाही.

स्ट्रॅटेजी गेम निदान उघडतो. पण तो २५६ रंगांच्या मोडमध्ये चालतो, आणि विंडोज ८ पासून हे कमी रंगांचे मोड नुसत्या नकलेने चालवले जातात. परिणामी माउसचा बाण अडखळत सरकतो आणि ऑल्ट-टॅब केल्यावर पडदा काळा राहतो. सीएनसी-डीड्रॉ या मुक्त साधनाची डीड्रॉ.डीएलएल शेजारी ठेवून त्याच्या आयएनआय फाइलीत प्रमाण राखण्याची ओळ चालू केली की दोन्ही थांबते.

त्याच गेमचे वाढीव अभियान मात्र इन्स्टॉलच होत नाही. ‘हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही’ असा निळा चौकोन येतो. आपले तिन्ही वेळचे उत्तर एकच: राइट क्लिक करून कंपॅटिबिलिटीमध्ये विंडोज ९८ निवडा. याने काही होणार नाही. गेम ३२-बिट आहे, पण त्या अभियानाचा सेटअप १६-बिट आहे, आणि १६-बिट प्रोग्राम चालवणारा भाग ६४-बिट विंडोजमध्ये मुळातच नाही. कंपॅटिबिलिटी मोड प्रोग्रामला विंडोजची जुनी आवृत्ती असल्याचे भासवतो. नसलेला भाग तो आणू शकत नाही. काही मोजक्या जुन्या इन्स्टॉलरांना विंडोज ओळखते आणि त्यांच्या जागी ३२-बिट इंजिन वापरते. आपण दिलेला सेटअप त्यांत बसत नाही. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती निघालेलीच नाही, तेव्हा हा सेटअप कोणत्याही विंडोज ११ वर चालणे शक्य नव्हते. ‘तयार’ हा शब्द इथे सरळ खोटा ठरतो. अभियानाच्या फाइली उलगडून नव्या इन्स्टॉलरमध्ये बांधणे आणि लागणाऱ्या रजिस्ट्री नोंदी (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातल्या नोंदी) लिहिणे हे काम आपले आहे.

शूटर पहिल्या काळ्या पडद्यावरच कोसळतो. तो क्वेक ३ च्या इंजिनावर बांधलेला आहे. ते इंजिन सुरुवातीला ओपनजीएल या ग्राफिक्स पद्धतीच्या ड्रायव्हरकडून त्याच्या सर्व एक्स्टेन्शनांची (जादा सोयींची) यादी एका लांबलचक ओळीत मागते आणि काही हजार अक्षरांच्या जागेत ठेवायला जाते. आजच्या ड्रायव्हरची यादी त्यात मावत नाही, बाहेर सांडते आणि गेम पडतो. या इंजिनाचे सोर्स २००५ मध्ये जीपीएल परवान्याखाली खुले झाले, त्यामुळे दोष कुठे आहे हे कुणालाही वाचून कळते. ड्रायव्हर पुन्हा इन्स्टॉल करून यादी आखूड होणार नाही.

तिन्ही गेमना लागू असलेली आणखी एक गोष्ट. आपला इन्स्टॉलर त्यांना प्रोग्राम फाइल्समध्ये टाकतो आणि हे गेम सेव्ह स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितात. विंडोज ते लिखाण गुपचूप वापरकर्त्याच्या ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरात वळवते. मग एके दिवशी ‘ॲडमिन म्हणून चालवा’ केले की सगळे सेव्ह गायब झालेले दिसतात. ते गेलेले नसतात, दुसऱ्या जागी असतात. पण हे ठाऊक नसलेला माणूस वीस तासांचा खेळ गेला म्हणून नव्याने सुरुवात करतो. सी ड्राइव्हवर ‘गेम्स’ असे साधे फोल्डर करून तिथे इन्स्टॉल केल्यास हा प्रश्न येत नाही.

आपल्या ४ जुलैच्या उत्तरात ‘इंटरनेटवर फिक्स उपलब्ध आहेत’ असे म्हटले आहे. हे वाचून मला खरोखर राग आला. डीएलएल फाइली देतो म्हणणाऱ्या कितीतरी साइट व्हायरस वाटतात, आणि जुने गेम खेळणाऱ्यांत शाळेतली मुलेही असतात. त्यांना तिकडे पाठवू नका. वर सांगितलेल्या दुरुस्त्या, संगीत सोडल्यास, काही एमबींत मावतात. साधनांच्या लेखकांच्या अटी पाळून, त्यांना श्रेय देऊन, त्या आपणच पॅकेजमध्ये घाला.

माझी मागणी अशी. तिन्ही गेमचे दुरुस्त पॅकेज, रेसिंगच्या पूर्ण संगीतासह, एका महिन्याच्या आत द्यावे. ते जमणार नसेल तर ₹७९९ मूळ खात्यात परत करावेत; दुकानाचे क्रेडिट मला नको आहे. दुरुस्ती होईपर्यंत विक्रीच्या पानावरचा ‘विंडोज १० आणि ११ साठी तयार’ हा मजकूर काढावा आणि संगीत नसल्याचे स्पष्ट लिहावे, म्हणजे पुढचा ग्राहक फसणार नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून पुढे ग्राहक आयोगाकडे जाईन. आपल्या तांत्रिक विभागाला चाचणीसाठी काही विचारायचे असल्यास याच ईमेलवर विचारावे, त्याच दिवशी उत्तर देईन.

कळावे,

आपला ग्राहक

सोबत: पैसे भरल्याची पावती, मेमरीच्या संदेशाचा आणि इन्स्टॉलरच्या निळ्या चौकोनाचा स्क्रीनशॉट, ६० आणि १४४ हर्ट्झवरील एकाच लॅपचे स्टॉपवॉचसह दोन व्हिडिओ, डीएक्सडायग या विंडोजच्या तपासणी साधनाचा अहवाल.