गाडी मागून खाली केली, आता घाटात वळेना : कंपनीला तक्रार पत्र

दिनांक : २२ मे
सातारा

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मोटरसायकल उत्पादक कंपनी

प्रत : अधिकृत विक्रेता व सर्व्हिस सेंटर, सातारा

विषय : गाडीची उंची कमी करताना फक्त मागची बाजू खाली केल्यामुळे वळणावर निर्माण झालेला धोका, तसेच तीन तक्रारी न तपासता बंद केल्याबाबत.

महोदय,

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. राहते साताऱ्यात, शाळा कासच्या रस्त्याला, पेट्रीच्या पुढे. म्हणजे समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट रोज सकाळी चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा. पावसाळ्यात या रस्त्यावर धुकं असं उतरतं की दहा पावलांवरचा कठडा दिसत नाही. स्कूटरवर सहा वर्षं काढली. मग चांगली पकड, मोठं चाक आणि एबीएस असलेली गाडी हवी म्हणून विचार करून तुमची गाडी घेतली. गाडी मला आवडली होती, आजही आवडते. म्हणूनच हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

माझी उंची पाच फूट एक इंच आणि गाडीची सीट जमिनीपासून ८३० मिलिमीटर. थांबताना एकाच पायाचा चवडा टेकायचा. पोवई नाक्यावर सिग्नलला थांबले की पोटात गोळा यायचा. हे मी शोरूममध्ये सांगितलं, तेव्हा तिथल्या सल्लागारांनी स्वतःहून ‘लो किट’, म्हणजे गाडीची उंची कमी करणाऱ्या भागांचा संच, सुचवला. किट कंपनीचंच आहे, वॉरंटीला धक्का लागत नाही, आणि त्यांचे शब्द असे होते : “मॅडम, गाडी तीच, फक्त तीस मिलिमीटर खाली. उलट खाली बसली की जास्त स्थिर होते.” जानेवारीत पाऊण तासात काम झालं. मागच्या मोनोशॉकच्या (मागच्या चाकाच्या एकाच शॉकअपच्या) जोडणीतल्या दोन पट्ट्या काढून त्यांच्या जागी लांब पट्ट्या बसवल्या. पुढच्या शॉकअपला हात लावला नाही. साइड स्टँड तोच ठेवला. हेडलाइट तपासला नाही. काम झाल्यावर गाडी कोणी चालवूनही पाहिली नाही. बिलावर एकच ओळ आहे, ‘लोअरिंग किट, फिटिंगसह’. काय बदललं आणि त्यामुळे काय बदलेल, याचा कागद तर नाहीच, तोंडीही कोणी काही सांगितलं नाही.

पहिले चार दिवस शहरात मी खूश होते, हेही प्रामाणिकपणे लिहिते. दोन्ही पाय टेकत होते. पाचव्या दिवशी शाळा सुरू झाली आणि घाटात गाडी ओळखू येईना. पूर्वी नजर वळणाच्या आत टाकली की गाडी मागोमाग यायची. आता हँडल जड लागू लागलं. गाडी झोपवायला, म्हणजे वळणाच्या बाजूला कलवायला, जोर लावावा लागे आणि झोपवल्यावरही ती आत यायच्या ऐवजी बाहेर सरकत जाई. चढावर वळणातून निघताना ॲक्सिलरेटर दिला की हे आणखी वाढे. आपल्याकडे डाव्या वळणावर गाडी बाहेर गेली तर ती समोरून येणाऱ्यांच्या बाजूला जाते. कासला जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या शनिवारी-रविवारी कशा येतात, हे साताऱ्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

फेब्रुवारीत एका डाव्या वळणावर खालून करकर आवाज आला आणि मागचं चाक क्षणभर रस्त्यावरून सुटल्यासारखं सरकलं. साइड स्टँडचा दांडा डांबराला घासला होता. समोरून एसटी येत होती. चालकाने बस कठड्याकडे दाबली म्हणून मी हे पत्र लिहू शकते आहे. माझा वेग ३५च्या आत होता. मी घाटात हुल्लडबाजी करणारी नाही, घरी दोन मुलं आहेत.

तुमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. पहिल्यांदा उत्तर मिळालं, “सवय होईल.” दुसऱ्यांदा टायरमधली हवा तपासून दिली. तिसऱ्यांदा जॉबकार्डवर लिहिलं, ‘गाडी व्यवस्थित आहे, चालवण्याच्या पद्धतीचा प्रश्न’. त्याच संध्याकाळी तक्रार निवारण झाल्याचा मेसेज आला. चालवण्याच्या पद्धतीचा प्रश्न! त्याच घाटात त्याच हातांनी मी सहा वर्षं दुचाकी चालवली आहे.

माझे वडील एसटीत चालक होते. महाबळेश्वरचा घाट त्यांनी वर्षानुवर्षं केला. त्यांनी गाडी एकदा समर्थ मंदिरापासून वर नेऊन आणली आणि उतरताच म्हणाले, “बाळ, ही मागं बसलीय. पुढचं चाक रस्ता धरत नाही.” मग आम्ही मोजमाप घेतलं. माझ्या एका सहकाऱ्याकडे हीच गाडी आहे, काही न बदललेली. दोन्ही गाड्या शाळेच्या फरशीवर शेजारी उभ्या केल्या. टेप, ओळंबा आणि चौथीच्या वर्गातला मोठा कोनमापक, एवढीच साधनं.

तुमच्या पुस्तिकेप्रमाणे दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर १४०० मिलिमीटर आहे. मागची बाजू ३० मिलिमीटर खाली गेली की सगळी गाडी सव्वा अंशाने मागे कलते. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या शॉकअपच्या दोन नळ्या, तेवढाच जास्त तिरपा होतो. फोर्क ज्या अक्षावर वळतो तो अक्ष खाली वाढवला तर टायर जिथे टेकतो त्याच्या थोडा पुढे रस्त्याला मिळतो, आणि या दोन जागांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. फोर्क जितका तिरपा तितका ट्रेल जास्त. सव्वा अंशाने तो सात-आठ मिलिमीटरने वाढतो. ट्रेल वाढला की चाक सरळ राहायचा हट्ट धरतं. पुणे-बंगळूर महामार्गावर तो हट्ट चांगला वाटेल, यवतेश्वरच्या वळणावर तोच अंगावर येतो. त्यात वजन थोडं मागे सरकलं, म्हणून पुढचं चाक हलकं. आणि पूर्वी ॲक्सिलरेटर देताना साखळीच्या ओढीने मागची बाजू सावरली जायची, तेही मागचं चाक धरणारा चिमटा पूर्वीपेक्षा आडवा झाल्यामुळे कमी झालं. गाडी आणखी बसते, पुढची बाजू आणखी उचलते. चढावर वळणातून निघताना गाडी बाहेर का जाते, याचं उत्तर एवढंच आहे. त्यासाठी माझ्या हातांना दोष द्यायची गरज नव्हती.

“खाली बसली की स्थिर होते” या वाक्याबद्दल मुद्दाम लिहिते, कारण हेच वाक्य तुमचे लोक इतरांनाही सांगत असणार. उभ्या गाडीला ते लागू आहे : वजन खाली आलं की ती सावरणं सोपं जातं. वळणावर गाडी किती झोपवायची हे मात्र वेग आणि वळणाची त्रिज्या ठरवतात. १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३० किलोमीटरला साधारण २५ अंश झोपवावी लागते, ३५ला जवळजवळ ३३ अंश. गाडी खाली केल्याने हा कोन कमी होत नाही. टायरला रुंदी असल्यामुळे वजनाचा मध्य खाली आला की उलट किंचित जास्तच झोपवावी लागते. आणि नेमकी झोपवायची जागा तुम्ही काढून घेतली. सहकाऱ्याच्या गाडीवर मी बसलेली असताना साइड स्टँडचा दांडा सुमारे ३६ अंशांवर टेकेल असं माप आलं, माझ्या गाडीवर ३४. तेहेतीस अंश लागणाऱ्या वळणात एक अंश शिल्लक. वळणात गाडी दबते, रस्त्यात उंचवटा येतो, की तो एक अंशही गेला. फुटरेस्ट घासला तर तो वर दुमडतो आणि चालवणाऱ्याला इशारा मिळतो. स्टँडचा दांडा दुमडत नाही, तो गाडी उचलून चाक मोकळं करतो.

यापेक्षाही मला झोप न लागू देणारी गोष्ट मार्चमधली आहे. गाडी खाली आली पण साइड स्टँडची लांबी तीच राहिली, त्यामुळे गाडी स्टँडवर जवळजवळ सरळ उभी राहते. पठाराच्या बाजूला वारा सुटला की कसा असतो हे तुम्ही एकदा येऊन पाहा. मधल्या सुट्टीत शाळेच्या अंगणात ती उजवीकडे कलंडली. आरसा फुटला, ब्रेकची लिव्हर वाकली. मिनिटभर आधी त्याच जागी पहिलीतली दोन मुलं खडूने घरं आखत बसली होती. त्या दिवसानंतर मी गाडी शाळेच्या कुंपणाबाहेर, चाकाला दगड लावून ठेवू लागले. आखूड स्टँड किटच्या सोबत यायला हवा, एवढी साधी गोष्ट आहे. तो बसवला असता तर हे झालंच नसतं.

हेडलाइटचंही तसंच. गाडी सव्वा अंश मागे कलली म्हणजे २५ मीटरवर उजेडाचा झोत अर्धा मीटर वर जातो. मला जवळचा रस्ता दिसत नाही आणि समोरच्याचे डोळे दिपतात. आईला मागे बसवून मेढ्याला गेले, तेव्हा खड्ड्यात मागचा टायर आतल्या मडगार्डला घासला. शॉकअपची दबण्याची चाल तेवढीच ठेवून चाक वर आणलं की असं होणारच. मडगार्डवरच्या घासलेल्या खुणांचे फोटो जोडले आहेत.

मोळाच्या ओढ्याकडच्या एका जुन्या मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी वॉरंटीमुळे पान्हा लावला नाही, पण नीट समजावून सांगितलं. मागची बाजू खाली करायची तर पुढचे फोर्कही टीमध्ये (फोर्क धरणाऱ्या पकडीत) त्या प्रमाणात वर सरकवायचे, म्हणजे गाडी समपातळीत राहते आणि हँडल पूर्वीसारखं वळतं. तसं करतानाही फोर्क पूर्ण दबल्यावर पुढचं मडगार्ड कुठे लागत नाही ना, ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, हे पाहावं लागतं. आणि मग म्हणाले, “ताई, पण पुढून खाली केली की खालची जागा अजून कमी होणार. घाटात चालवताय तर उंची परत आणा आणि सीटचा फोम कापून घ्या.” सीट पुढच्या बाजूला अरुंद केली आणि फोम वीस मिलिमीटर कमी केला, तर मांड्या फाकत नाहीत, पाय सरळ खाली जातात आणि गाडीच्या मापांना धक्का लागत नाही. माझ्यासारख्या उंचीच्या माणसाला हा पर्याय सर्वांत आधी दाखवायला हवा होता. तुमच्याच सुट्या भागांच्या यादीत कमी उंचीची सीट आहे, हे मला या सगळ्यानंतर कळलं.

कमी उंचीच्या माणसाने ही गाडी घेऊ नये, असं कोणी म्हणेल तर ते मी मान्य करणार नाही. शिक्षिका, परिचारिका, ग्रामसेविका, कितीतरी जणी या डोंगरातल्या गावांत रोज दुचाकीवर जातात. आम्हाला थांबताना पाय टेकणं आणि वळताना जीव वाचणं, यांपैकी एक निवडायला लावू नका. दोन्ही मिळण्यासारखं आहे, ते तुमच्या अभियंत्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. मागच्या जोडणीच्या मूळ पट्ट्या परत बसवून गाडी मूळ उंचीला आणावी, कमी उंचीची सीट विनामूल्य द्यावी, किटचे व फिटिंगचे पैसे परत करावेत, आणि आरसा, लिव्हर व मडगार्डचा खर्च भरून द्यावा. काम झाल्यावर तुमच्या अभियंत्याने गाडी माझ्यासमोर यवतेश्वरच्या घाटात चालवून पाहावी आणि मापं लिहून सही करावी. याशिवाय, हे किट ज्यांना ज्यांना फक्त मागे बसवून दिलं आहे त्या सगळ्यांना लेखी कळवावं, आणि पुढे किट द्यायचंच असेल तर आखूड स्टँड, फोर्कचं माप आणि हेडलाइटची जुळणी यांच्यासह द्यावं. ही शेवटची मागणी मी पैशांच्या मागणीइतकीच महत्त्वाची मानते. फक्त माझे पैसे परत करून प्रकरण मिटवण्याचा प्रस्ताव आला तर मी तो स्वीकारणार नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९च्या कलम ८५प्रमाणे सेवा देणाऱ्याने माहिती जाणीवपूर्वक दडवली किंवा हानी टाळण्यासाठी पुरेशा सूचना दिल्या नाहीत, तर तो जबाबदार ठरतो. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. बिल, तिन्ही जॉबकार्ड, मापांचा कागद आणि फोटो यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. गाडीचा आणि चासीचा क्रमांक बिलावर आहे.

गाडी सध्या दारात झाकून ठेवली आहे. एप्रिलचे शेवटचे दोन आठवडे मी शाळेला एसटीने गेले. सकाळची गाडी चुकली की पहिला तास बुडतो. जूनच्या मध्याला शाळा उघडते आणि मृगाचा पाऊस त्याच्या आधीच येईल. ओल्या घाटात मी ही गाडी या अवस्थेत नेणार नाही. त्यामुळे काम त्याआधी व्हावं, ही विनंती.

आपली,
(सही)
गाडीची मालक, सातारा