दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेमागची कारणे समजावून सांगणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

माझ्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाचे अपेंडिक्स आपण दुर्बिणीने काढलेत, त्याबद्दल तोंडी आभार मानले होतेच. तरीही हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे, कारण आपण आम्हाला प्रत्येक निर्णयामागचे कारण सांगितलेत आणि ते ठाण्यातल्या आणखी चार घरांना कळावे असे मनापासून वाटते.

तपासणीत सुजलेल्या अपेंडिक्समध्ये खडा अडकलेला दिसला, तेव्हा नुसत्या अँटिबायोटिक्सवर भागेल का, असे आम्ही विचारले. आपण तो प्रश्न झटकून टाकला नाहीत. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात औषधांवर ठेवलेल्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे तिघांना 90 दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करावीच लागली आणि खडा असलेल्यांत हे प्रमाण त्याहून जास्त होते, म्हणून आपला कौल शस्त्रक्रियेला आहे, असे आपण स्पष्ट सांगितलेत. जर्मनीतील कील येथे 1980 मध्ये कुर्ट झेम या स्त्रीरोगतज्ज्ञाने दुर्बिणीने अपेंडिक्स काढण्याची ही पद्धत प्रथम वापरली तेव्हा शल्यचिकित्सकांनीच तिला विरोध केला होता, हेही आपल्याकडूनच कळले.

दुर्बिणीचे गुण सांगताना आपण दुसरी बाजू लपवली नाहीत, याचे मला फार मोल वाटते. जखमेत पू होण्याचे प्रमाण कमी, वेदना कमी आणि कामावर परतणे लवकर, हे खरेच. पण पोटाच्या आत पू साठण्याचा धोका काही अभ्यासांत किंचित जास्त आढळला आहे आणि अपेंडिक्स फुटलेले असेल तर तो अधिक, हे आपण संमतीपत्रावर सही घेण्याआधी सांगितलेत. गरज पडली तर मोठा छेद घ्यावा लागेल, हेही तेव्हाच.

नंतर आपण दाखवलेले चित्रण मी विसरू शकत नाही. बेंबीतून दुर्बीण आत, खाली दोन बारीक छेद. आधी अपेंडिक्सची रक्तवाहिनी बंद केली, मग मुळाशी दोऱ्याचे फास आवळले आणि त्यांच्यामध्ये कात्री चालवली. उरलेला बुंधा लांब राहिला तर त्यालाही पुन्हा सूज येऊ शकते, म्हणून फास अगदी मुळाशी बसल्याची खात्री होईपर्यंत आपण कात्री उचलली नव्हती. कापलेला भाग लहान पिशवीत घालून बाहेर काढला, म्हणजे जखमेला त्याचा स्पर्शही होऊ नये.

शुद्धीवर आल्यावर मुलगा पोटापेक्षा खांद्याची तक्रार करू लागला. पोट फुगवण्यासाठी भरलेल्या वायूमुळे श्वासपटलाला त्रास होतो आणि ती कळ खांद्यात जाणवते, हे आपण आधीच सांगून ठेवले होते, त्यामुळे आम्ही घाबरलो नाही. काढलेला भाग तपासणीला पाठवून, त्यात क्वचित गाठ सापडते म्हणून, तो अहवाल आपण स्वतः वाचून दाखवलात. अहवालात सुजेखेरीज काही नव्हते.

भूल देणारे डॉक्टर आणि रात्रपाळीच्या सिस्टर यांनाही आमचे आभार कळवावेत. आपल्याकडे येणाऱ्या पुढच्या आईवडिलांनाही ते चित्रण अवश्य दाखवावे, ही नम्र विनंती.

आपली कृतज्ञ,
एक आई
नौपाडा, ठाणे